पोट मोकळं होईपर्यंत

डेपोत तिला सगळे तोफ म्हणायचे. शहरातल्या बसवर ती कंडक्टर होती. मागच्या दाराशी उभी राहून "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं ती म्हणाली, की पहिल्या सीटवर डुलक्या घेणारा माणूसही दचकून उगाचच उभा राहायचा. बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही आणि खाण्यातही नाही. शेवटच्या स्टॉपवर गाडी वळेपर्यंत तिचा अर्धा डबा फस्त झालेला असे. "माझ्या पोटात खिळे टाकलेत तरी विरघळतील," असं ती ड्रायव्हरला ऐकवायची.

तिचं लग्न उशिरा झालं आणि मूल त्याहून उशिरा राहिलं. नवरा वायरमन. ती त्याला घरातही "अहो वायरमन" अशीच हाक मारायची आणि तो नुसता मान वर करायचा. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे भिंतीतून जुनी वायर ओढून काढण्यासारखं होतं. सासूबाई त्यांच्याबरोबरच राहायच्या. मोजून बोलणाऱ्या, पाय न वाजवता चालणाऱ्या बाई. सासू-सुनेचं कधी वाजलं नव्हतं, पण कधी जमलंही नव्हतं. सून बोलायला लागली की सासूबाईंना दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवायचं.

कळा सुरू झाल्या त्या एका पहाटे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटकेचं नाव नव्हतं. मग मशीनवर बाळाचे ठोके मंदावले आणि खोलीतली माणसं एकदम भराभर चालायला लागली. "आता थांबता येणार नाही, सिझर करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. सिझर झालं. रक्त बरंच गेलं, पण मुलगी सुखरूप निघाली, लालबुंद आणि भयंकर चिडलेली. सासूबाईंनी दुपट्यात गुंडाळलेली नात पाहिली आणि म्हणाल्या, "आईवर गेली आहे." ते कौतुक होतं की तक्रार, हे कुणालाच कळलं नाही.

भूल उतरल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःच्या पोटावर हात ठेवला. पोट जिथल्या तिथे होतं.

"सिस्टर, आत एक राहिलंय का?" तिने विचारलं. अख्खा वॉर्ड हसला. तीही हसायला गेली, आणि टाक्यांतून अशी कळ गेली की हसू तोंडातच विरलं.

सिस्टरने सांगितलं, ऑपरेशननंतर पोट फुगतंच. वारा सरला की बसेल. तोवर घोट-घोट पाणी घ्यायचं, बाकी काही नाही. सकाळ-संध्याकाळ फेरीला येणारी धाकटी डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न विचारायची, "गॅस पास झाला का?" शेजारच्या खाटेवरची बाई शिक्षिका होती, तिचं हे दुसरं सिझर. तिने "हो, झाला" असं पाढा म्हटल्यासारखं सांगितलं आणि तिला जेवणाची परवानगी मिळाली. तोफेच्या खाटेपाशी प्रश्न आला की उत्तर एकच, नाही. पहिल्यांदा ती चेष्टेत म्हणाली, "गाडी अजून सुटली नाही." दुसऱ्यांदा नुसतीच "नाही" म्हणाली. नंतर नंतर तो प्रश्न जवळ येताना ऐकूनच तिच्या अंगावर काटा यायला लागला. सगळ्यांना जमतं ते आपल्याला जमत नाही, तेही इतकं क्षुल्लक, ज्यावर शाळेतली पोरं तोंड दाबून हसतात तसलं. सांगायचं तरी कुणाला?

पोट मात्र वाढत होतं. आधी ते नुसतं जड होतं, मग घट्ट झालं, मग असं ताणलं की कातडी चकाकायला लागली. टाक्यांवरची पट्टी दोन्ही बाजूंनी खेचली जात होती. श्वास छातीच्या वरच्या टोकापर्यंतच जायचा आणि तिथून परत फिरायचा. खांद्यात उगाचच चमका निघायच्या. लेकीला कुशीत घ्यायचं म्हटलं तर मांडी उरली नव्हती, सगळी जागा पोटाने अडवलेली. सासूबाई बाळाला तिच्या छातीशी आडवं धरायच्या. बाळाने पाय झाडला आणि तो पोटाला लागला की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "न्या तिला, न्या," ती म्हणायची, आणि बाळ दूर गेलं की भिंतीकडे तोंड करून रडायची.

तिने धाकट्या डॉक्टरला सांगितलं, "मला काहीतरी वेगळं होतंय."

"पहिलं सिझर आहे ना तुमचं? सगळ्यांना असंच वाटतं," डॉक्टर म्हणाली. ती वाईट नव्हती, दमलेली होती. "चाला थोडं. चाललं की सुटेल."

मग ती चालली. एका हाताने सलाईनची दांडी आणि दुसऱ्या हाताने वायरमनचं मनगट धरून, कमरेत वाकून, वॉर्डच्या दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. भरल्या बसमध्ये ब्रेक लागला तरी न डगमगणारी बाई ती. आता फरशीवरची प्रत्येक फट तिला ओलांडावी लागत होती. "सुटलं का?" वायरमन हळूच विचारायचा. तिने एकदा त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्यातच भूक. पोट भरल्यासारखं टच्च, आणि तरी आत कुठेतरी कावळे ओरडत होते. शिक्षिकेचा डबा उघडला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. एका दुपारी ती सासूबाईंच्या मागेच लागली. "आई, एक वाटी दूध द्या. कुणाला कळणार नाही. अंगात त्राण नाही, बाळाला दूध तरी कुठून येणार?" सासूबाई नाही म्हणाल्या. ती पुन्हा म्हणाली. शेवटी त्यांनी थर्मासमधलं कोमट दूध वाटीत ओतलं आणि ती ते घटाघटा प्यायली.

थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला. ती उठून बसायला गेली आणि सासूबाईंनी भांडं पुढे करायच्या आत सगळं बाहेर आलं. आधी दूध आलं, मग हिरवं, कडवट, न संपणारं पाणी. प्रत्येक उमाशाला टाके आता उसवणार असं वाटत होतं. तिने दोन्ही हातांनी पोट आवळून धरलं. ओरडायलाही हवा उरली नव्हती.

सासूबाई ते हिरवं पाणी बघत उभ्या राहिल्या. मग त्या वळल्या आणि वॉर्डाबाहेर गेल्या, आणि पुढच्याच क्षणी कॉरिडॉरमधून जो आवाज आला तो कुणाचा हे तिला पटकन उमगलंच नाही.

"कुणी आहे का इथे? माझी सून मरतेय, कुणी बघणार आहे का?"

सासूबाई ओरडत होत्या. कपाटाचं दारही आवाज न करता लावणाऱ्या सासूबाई. दुसऱ्या वॉर्डातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाईंची बाही त्यांनी घट्ट पकडली होती. "माझी धाकटी बहीण अशीच गेली. बाळंतपणानंतर पोट फुगलं, सगळे म्हणाले वारा आहे, सरेल. शेवटी तीच गेली. मी तेव्हा गप्प बसले होते. आता नाही बसणार."

वॉर्डात सगळ्यांना ते ऐकू आलं. तिलाही. सासूबाईंना अशी एक बहीण होती, हे तिला या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आधी तिचा चेहरा पाहिला, मग पोट. बोटांनी ठोकलं तर रिकाम्या पिंपावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. स्टेथोस्कोप लावून त्या खूप वेळ वाकून ऐकत राहिल्या. एरवी पोटात सतत काहीतरी गुरगुरत असतं. इथे काहीच ऐकू येत नव्हतं.

मग सगळं भराभर झालं. स्ट्रेचर, एक्स-रे, रक्त तपासणी. नाकातून नळी घालायची म्हणून सिस्टरने तिला मान वाकवायला लावली. "गिळा, गिळत राहा, पाणी पिताय असं समजा." नळी घशातून उतरताना तिला वाटलं, बस, आता इथेच गुदमरणार. नळी आत गेली आणि दुसऱ्या टोकाच्या पिशवीत ते हिरवं पाणी आपसूक उतरायला लागलं.

डॉक्टरबाईंनी खाटेशेजारी स्टूल ओढलं. "आतडी निजली आहेत तुमची," त्या म्हणाल्या. "लांबलेल्या कळा, मग ऑपरेशन, गेलेलं रक्त, या सगळ्याने ती गप्प झाली आहेत. हलत नाहीत, म्हणून वारा आणि पाणी आतच साठतंय. रक्तातलं पोटॅशियमही खूप कमी झालंय, ते सलाईनमधून देतोय. काही काळ तोंडाने काहीही नाही. आतड्यांना उठवायचं आहे."

"आणि नाही उठली तर?" तिने विचारलं. नळीमुळे आवाज घोगरा निघत होता.

डॉक्टरबाईंनी नजर चुकवली नाही. "मोठं आतडं बरंच ताणलं गेलंय. आणखी ताणलं तर फाटायचा धोका आहे. तशी वेळ आली तर पुन्हा पोट उघडावं लागेल. ती येऊ नये म्हणूनच हे सगळं चाललंय."

त्या गेल्या आणि तिचा धीर सुटला. पुन्हा उघडायचं. त्याच टाक्यांवर. या अंगात आता उघडण्यासारखं काय उरलं होतं? वायरमन खाटेच्या कडेला बसला होता. त्याच्या हातावर जुने भाजल्याचे डाग होते. दुसऱ्यांच्या घरातल्या विजा पकडताना पडलेले. तो त्या डागांकडेच बघत होता.

"अहो," ती म्हणाली. "बाळाला उद्यापासून आणू नका."

"का?"

"तिला माझी सवय लागेल. आणि मग मी नसले तर ती शोधेल. आत्ताच बाटलीवर टाका तिला. आईंच्या अंगाची सवय होऊ दे."

वायरमन उठला, खिडकीशी गेला, परत आला. "असं बोलू नकोस," एवढंच म्हणाला, आणि ते सांगतानाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

बाळाला आणलं नाही. दूध मात्र वेळ झाली की दाटून यायचं. नर्स ते पिळून काढायची आणि औषधं चालू आहेत म्हणून ओतून द्यायची. बेसिनमध्ये पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकत ती डोळे मिटून घ्यायची. वारा नाही, संडास नाही, घोटभर पाणी नाही. ओठांना भेगा पडलेल्या, त्यावर सासूबाई ओला कापूस फिरवायच्या. मध्येच त्या पदराआडून हात जोडायच्या, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. आपल्याला आता कशाचंच काही वाटत नाही, असं तिच्या लक्षात आलं. मरायचं असेल तर पटकन व्हावं, पुन्हा ते टेबल नको, तो दिवा नको. शेजारची शिक्षिका डिस्चार्ज घेऊन जाताना निरोप घ्यायला आली, तेव्हा तिने झोपेचं सोंग घेतलं.

पोटॅशियम चढत होतं, पोटाचा घेर टेपने मोजला जात होता, मागच्या बाजूनेही एक नळी घालून वारा काढून झाला होता. लाज वगैरे केव्हाच मागे पडली होती. आणि दर थोड्या वेळाने सिस्टर तिला उठवून उभं करायची. "मला नाही जमत," ती म्हणायची. "मग उभ्या उभ्या रडा," सिस्टर म्हणायची, "पण उभ्या राहा."

अशीच एका सकाळी ती दांडी धरून उभी असताना आत, बेंबीच्या डाव्या बाजूला, काहीतरी सरकलं. तिने श्वास रोखला. पुन्हा सरकलं. मग एक लांबलचक गुरगुर झाली, जुन्या घरात बंद पडलेल्या नळाला पाणी येताना होते तशी. ती खाटेपर्यंत पोचायच्या आत वारा सुटला, आणि त्यामागोमाग बाकीचं सगळं, उभ्या-उभ्या, गाऊनमध्ये, फरशीवर. ती तिथेच थिजून उभी राहिली. खाली बघायची हिंमत होईना. ती हुंदके देऊन रडायला लागली, आणि ते लाजेने की सुटल्याने, हे तिला आजही सांगता येत नाही.

वॉर्डातल्या मावशी बादली घेऊन आल्या आणि नाक न मुरडता म्हणाल्या, "होऊ दे बाई, होऊ दे. याच्यासाठीच थांबलो होतो सगळे." आणि सासूबाई, ज्यांच्या तोंडून असला शब्द उभ्या जन्मात कुणी ऐकला नसेल, त्या कॉरिडॉरमध्ये लेकाला फोनवर मोठ्याने सांगत होत्या, "झालं रे! वारा सरला! संडासलासुद्धा झालं!" येणारे-जाणारे वळून बघत होते. त्यांना पर्वा नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण घरी आल्यावर दुसरंच सुरू झालं.

पोट पूर्ण बसलं नाही. दिवसभर ठीक असायचं, संध्याकाळी पुन्हा फुगून यायचं. दोन घास खाल्ले की आत वायू फिरायचा, आणि तो फिरला की तिला नाकातली नळी आठवायची. ती घाबरून हात धुवायची. आधी भात सुटला, मग भाजी, मग जवळजवळ सगळंच. ताटातलं ती हळूच कागदात गुंडाळून केराच्या डब्यात तळाला सरकवायची आणि "जेवले" म्हणायची. सकाळी संडासला झालं नाही की तो दिवस गेलाच. ती खोलीत फेऱ्या मारत राहायची, पोट दाबून बघायची, कान लावता आला असता तर तोही लावला असता. बाळ आता तिच्याजवळ होतं, पण दूध आटत चाललं होतं. पोरगी ओढ ओढ ओढायची आणि मग संतापून रडायची. तिचे गाल भरत होते ते बाटलीवर. आईचे गाल बसत चालले होते.

एकदा बाळाला लस द्यायला तिघं दवाखान्यात गेली. रांग मोठी होती. बाळ वायरमनच्या खांद्यावर झोपलं होतं आणि ती थोडी बाजूला भिंतीला टेकून उभी होती. बाकावरची एक बाई लगबगीने उठली. "बसा हो तुम्ही. अशा अवस्थेत उभं राहू नये. कितवा महिना?"

तिने त्या बाईकडे पाहिलं. स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"आठवा," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

वायरमनने ते ऐकलं. घरी आल्यावर त्याने बाळाला सासूबाईंकडे दिलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि केराचा डबा जमिनीवर ओतला. कागदाच्या पुड्या निघाल्या. त्याने त्या एकेक करून उघडल्या. कालची भाजी, आजची पोळी.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी रोज बघायचो. वाटलं, तू सांगशील."

"काय सांगू?" ती एकदम उसळली. कित्येक दिवसांत तिचा आवाज असा चढला नव्हता. "घास घेतला की वाटतं, आत दार बंद होणार. पुन्हा ते हिरवं पाणी, पुन्हा ती नळी! तुम्हाला काय कळणार? मी माझ्याच पोटाला भिते. चोवीस तास बरोबर घेऊन फिरते आणि त्यालाच भिते!"

तो जमिनीवर, त्या पुड्यांमध्ये बसकण मारून बसला. "मलाही भीती वाटते," तो म्हणाला. "तू बाथरूममध्ये गेलीस की मी बाहेर उभा राहतो. आवाज ऐकायला." मग त्याला एवढं बोलल्याची लाज वाटली आणि तो पुड्या गोळा करायला लागला. तीही वाकायला गेली, वाकवेना, म्हणून ती त्याच्याशेजारी बसली. दाराबाहेर सासूबाई रडणाऱ्या नातीला घेऊन येरझाऱ्या घालत होत्या, आत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेले. पुड्यांचं वायरमननेच सांगितलं, ती मान खाली घालून बसली. बाईंनी पोट तपासलं. या वेळी त्यांनी स्टेथोस्कोपची टोकं काढून तिच्या कानात घातली.

"ऐका."

आत गुरगुर होती, बुडबुडे होते, कुठे लांब काहीतरी ओतल्यासारखा आवाज होता. तिला रडू फुटलं.

"हे चालू आहे," बाई म्हणाल्या. "थोडं फुगतं, कारण मधले स्नायू गरोदरपणात विलग झालेत आणि अजून जुळले नाहीत. आणि उपाशी राहिलात तर आतड्यांना पुढे सरकवायला काही उरत नाही, मग आणखी फुगतं. थोडं थोडं पण वरचेवर खा. पाणी भरपूर. चालणं रोज. स्नायूंसाठी श्वासाचे व्यायाम आमची फिजिओ शिकवेल. उलटी झाली, पोट दगडासारखं घट्ट झालं, वारा पूर्ण अडला, तर सरळ निघून या, कुणाला विचारत बसू नका. आणि ही जी भीती आहे, तिच्याबद्दल बोलायलाही आमच्याकडे माणूस आहे. त्यात कमीपणा नाही."

लगेच काही पालटलं नाही. पहिल्या दिवशी तिने चार घास खाल्ले आणि दुपारभर पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं, पोट फुगलं, ती घाबरली, आणि संध्याकाळी ते आपोआप उतरलं. सासूबाई तिच्यासमोर बसून जेवायच्या, पण तिच्या ताटाकडे चुकूनही बघायच्या नाहीत. बघत नाही हे दाखवण्यासाठी त्या खिडकीबाहेर इतक्या एकटक बघायच्या की एकदा तिला हसू आलं आणि टाके दुखले नाहीत, हे तिच्या हसून झाल्यावर ध्यानात आलं. दूध काही पूर्ण परत आलं नाही. बाळ बाटलीवरच वाढलं. त्याचं दुःख तिला बरेच दिवस पुरलं, कुणी "अंगावर पाजता ना?" विचारलं की ती विषय बदलायची.

कामावर ती ठरल्यापेक्षा उशिरा गेली, आणि आधी बसवर नाही, डेपोतल्याच बैठ्या कामावर. पोट हळूहळू बसत गेलं, पूर्वीसारखं मात्र झालं नाही. पंगतीतून ती अजून अर्धपोटीच उठते.

लेक चालायला लागली तेव्हा ती तपासणीसाठी पुन्हा एकदा डॉक्टरबाईंकडे गेली. सगळं ठीक होतं. निघताना बाई म्हणाल्या, "पुढेमागे दुसऱ्याचा विचार केलात तर आधी मला भेटा. मागचं झालं म्हणून पुन्हा तसंच होईल असं नाही. आपण पहिल्यापासून लक्ष ठेवू."

बाहेर पायऱ्यांवर वायरमनने लेकीला कडेवर घेतलं. "एक पुरे," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "मला पुन्हा तसं बघवणार नाही."

"मी अजून काही ठरवलेलं नाही," ती म्हणाली. "ठरवलं की सांगेन." मग तिने लेकीला त्याच्याकडून स्वतःच्या कडेवर घेतलं आणि सावकाश पायऱ्या उतरायला लागली.